सख्ख्या भावावर केस

माझं माहेर देवळ्याच्या पल्याड, कांद्याच्या पट्ट्यात. गाव लहान, आन् बोली तिकडची निराळी बरं का, लहानपनी आम्ही घरात अहिराणीच बोलायचो, आता नाशकात राहून राहून जीभ इकडची झाली. लोक म्हनतात मथुराबाई, तुम्ही तर इथल्याच वाटता. वाटनारच की, सातपूरच्या ह्या कॉलनीत मी लग्न होऊन आले तव्हा निम्मी घरंसुद्धा बांधलेली नव्हती.

माझी आई मी रांगत होते तव्हाच गेली. वडील दिवसभर शेतात. मला वाढवली ती माझ्या भावानं, रामदास नाव त्याचं, माझ्यापेक्षा बराच मोठा. मला कडेवर घेऊन शाळेत जायचा, गुरुजी म्हनायचे अरे रामदास, ही शाळा हाय का पाळणाघर, तर हा म्हनायचा गुरुजी, घरी कोनी नाय, ही रडंल. शेवटी गुरुजींनीच कोपऱ्यात एक पोतं टाकून दिलं, मी त्याच्यावर बसून राहायची. माझी वेणी पन तोच घालायचा, काय सांगू तुम्हाला, एक वेणी वर एक खाली, शेजारच्या बाया हसायच्या, पन घालायचा. आमच्या गावात बाकीच्या पोरींना आई होती आन् मला भाऊ होता, मला त्याच्यात काय कमी हाय असं कधी वाटलंच नाय.

मोठा झाल्यावर भाऊ सातपूरला आला, एका कंपनीत हेल्पर लागला. कंपनीचं नाव मी घेत नाय, वकीलताईंनी सांगितलंय, सगळं पुरतं निकाली लागेस्तवर नाव घ्यायचं नाय. लय मोठी कंपनी. सगळं वाफेवर चालायचं, एक थोरला बॉयलर, आन् तिथून सगळ्या कंपनीभर वाफेचे पाईप गेलेले. भाऊच्या बरोबर एक मानूस कामाला होता, सिन्नरकडचा, कमी बोलनारा, दारूबिरू काय नाय. भाऊनं वडलांना सांगितलं, आपल्या मथुरेसाठी हा मानूस चांगला हाय, मी रोज बघतो त्याला. झालं, लग्न झालं. तेच आमचे मालक.

चांगला संसार झाला आमचा, खोटं कशाला बोलू. रविवारी सायकलवर बसवून देवळाली कॅम्पला न्यायचे, तिथल्या बाजारात खारी खायची, मिलिटरीतल्या बायकांच्या साड्या बघायच्या आन् परत यायचं, तेवढीच आमची चैन. शीळ लय सुंदर घालायचे. कामावरून येताना कोपऱ्यावर शीळ वाजली की मी चहा टाकायची. एक पोरगी झाली, मग संतोष झाला. भाऊचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पल्याड, वहिनी तिकडं भाजी करायची, ती इकडं यायची, इकडची तिकडं जायची.

मग एक दिवस कंपनीतल्या साहेबानं भाऊला बोलावलं. म्हनला रामदास, तू भरवशाचा मानूस, तू आता हेल्पर नको राहू, ठेका घे. पायपाचं काम तुझ्याकडं. मानसं तू आन, आम्ही तुला बिल देऊ. भाऊला लय आनंद झाला, पेढे वाटले त्यानं. इंग्लिश कागदांवर सह्या करून आला. काय लिहिलं होतं त्याच्यात, त्याला पन माहीत नाय, आम्हाला तर काय असायचं. फरक काय पडला म्हनाल, तर काल तो साहेबाच्या हाताखाली पाईप खरवडायचा, आज पन साहेबाच्याच हाताखाली पाईप खरवडायचा, फक्त कागदावर ठेकेदार झाला. आमचे मालक त्याच्याकडं आले, गावाकडची आनखी काही मानसं आली.

काम कसं होतं सांगते. वाफ थंड होऊ नये म्हनून त्या पायपांवर पांढरं, कापसासारखं वेष्टन असायचं. वर्षातून एकदा कंपनी बंद ठेवायची, त्याला शटडाऊन म्हनायचे, तव्हा जुनं वेष्टन खरवडून काढायचं आन् नवं गुंडाळायचं. जुनं वाळून कडक झालेलं असायचं, छन्नीनं ठोकायचं, की धुरळा. हे घरी यायचे तर भुवया पांढऱ्या, कान पांढरे, पापण्यांचे केस पांढरे. आमची पोरगी बापाला ओळखायची नाय, रडायची. आन् आम्ही हसायचो हो. वहिनी म्हनायची आले बघा पिठाच्या गिरनीवाले. अंगनात कपडे झटकायचे, आंघोळ करायची, की पुन्हा मानूस जसाच्या तसा. आम्हाला वाटायचं धूळच हाय, धुतली की गेली.

एक गोष्ट मात्र आमचे मालक मला तव्हाच बोलले होते, मी तिच्याकडं लक्ष दिलं नाय, त्यांनी पन नाय. म्हनले, शटडाऊनला कंपनीची पर्मनंट मानसं तिकडं येतच नाय. दोरी बांधतात, पाटी लावतात, त्यांना दुसऱ्या खात्यात पाठवतात. साहेब आला तर तोंडाला मास्क लावून येतो, खडूनं पायपावर खूण करतो, इथून इथपर्यंत काढा म्हनतो आन् निघून जातो. मी म्हनले, साहेबलोकांना धूळ सोसत नसंल. हे म्हनले, हां, नसंल सोसत.

अशी बरीच वर्षं गेली. मग कंपनीनं नवीन पद्धतीचं वेष्टन बसवलं, ते काम बंद झालं, भाऊ कंपनीतच झाडलोटीचा आन् सामान उचलायचा ठेका घ्यायला लागला. पोरीचं लग्न झालं. संतोष एका वर्कशॉपात लागला. सगळं मार्गी लागलं म्हनेपर्यंत एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की कोपऱ्यावरची शीळ लय दिवस ऐकलीच नाय. मी म्हनले, काय हो, आजकाल शीळ नाय घालत. म्हनले, दम पुरत नाय.

दम पुरत नाय हे तिथून सुरू झालं बघा. जिना चढवेना, मग अंगनातून घरात येईना, मग कुशीवर झोपता येईना. पहिल्या डॉक्टरनं टीबी सांगितला, महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवी लाल व्हायची, पोटात अन्न राहायचं नाय, आन् फरक काहीच नाय. मग सरकारी दवाखान्यात एक तरुन डॉक्टरीण भेटली. तिनं छातीचा फोटो बघितला, छातीत पानी झालेलं ते काढलं, आन् मग खुर्ची ओढून ह्यांच्या जवळ बसली. म्हनली काका, तुम्ही आयुष्यभर काम काय केलं? असं आजपर्यंत कोनी विचारलंच नव्हतं. ह्यांनी सांगितलं, पायपाचं.  मग तिनं मला बाहेर घेतलं आन् म्हनली, मावशी, ते वेष्टन ॲस्बेस्टॉसचं होतं. त्याचे बारीक तंतू छातीत जाऊन बसतात, निघत नाय, वीस-तीस वर्षांनी असं होतं. फुफ्फुसाच्या आवरनाचा कॅन्सर हाय. मी म्हनले, औषध? तिनं माझा हात धरला फक्त.

भाऊ रोज यायचा तव्हा. ह्यांच्या पाठीला तेल लावायचा, उशीवर उशी ठेवून बसवायचा.  एक दिवस हे त्याला म्हनले, रामदास, तू पन दाखवून घे स्वतःला. भाऊ म्हनला, मला काय धाड भरली. पन मी बघत होते ना, तो बोलता बोलता खोकायचा.

हे गेले. बसून गेले, माझ्या खांद्याला टेकून. श्वास घेत होते, घेत होते, आन् मग घेतला नाय. जास्ती काय सांगू.

संतोष पेटला होता. म्हनायचा आई, बाबांना मारलं त्या लोकांनी. डॉक्टरनीनं कागद लिहून दिला होता, हा कामाचा आजार हाय म्हनून. तो घेऊन आधी कंपनीच्या गेटवर गेलो. आत सोडलंच नाय. एक बाबू बाहेर आला, म्हनला हा मानूस आमचा नव्हताच, आमच्या रजिस्टरला ह्याचं नाव नाय, ठेकेदाराचा मानूस होता, ठेकेदाराला विचारा. मी म्हनले साहेब, एवढी वर्षं ह्याच गेटातून आत गेले हो ते. म्हनला, ठेकेदाराला विचारा.

ठेकेदार म्हंजे माझा भाऊ.

मग वकीलताईंकडं गेलो. बाई चांगल्या, समजावून सांगनाऱ्या. म्हनल्या मावशी, कायदा असा हाय, की काम ज्याच्या जागेत, ज्याच्या धंद्यासाठी चाललं, त्यालाच जबाबदार धरता येतं, मानूस ठेकेदाराचा असला तरी. कंपनीला सुटता येनार नाय. पन अर्जात ठेकेदाराचं पन नाव घालावं लागंल, नायतर कंपनी म्हनंल खरा मालक सोडून आम्हाला धरलं. मी उठलेच तिथून. म्हनले, ज्यानं मला वाढवली त्याच्यावर मी केस करू? संतोष म्हनला आई, मामावर नाय, कंपनीवर हाय, मामाचं नुसतं नाव. नुसतं नाव म्हनतो. नाव म्हंजेच मानूस ना.

लय दिवस मी अडून बसले. शेवटी म्हनले, आधी मी भाऊला सांगते, माझ्या तोंडानं सांगते. गेले त्याच्या घरी. वहिनी भाकरी थापत होती. मी सांगितलं सगळं, वकीलताई बोलल्या तसंच सांगितलं. वहिनीचा हात परातीतच थांबला. म्हनली, तुमच्या मालकांना ह्यांनी कामाला लावलं, तुमचं घर चाललं त्याच्यावर, आन् आता कोर्टात उभं करता?  मी उठले तव्हा भाऊ दारापर्यंत आला, आन् आपल्या गावाकडच्या बोलीत म्हनला, माय, तू मनी बहीण शे का नही? म्हंजे तू माझी बहीण हाय का नाय. एवढंच. मी रस्त्यानं रडत आले. राखीला गेले, दार उघडलं नाय. भाऊबीजेला ताट तयार करून बसले, आला नाय. दोन गल्ल्यांचं अंतर, आन् वर्षाच्या वर आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाय. मी भाजी आनायला दुसऱ्या रस्त्यानं जायची.

कोर्टात तारखांवर तारखा. एकदा माझी साक्ष होती. कंपनीचा वकील उंच, गोड बोलनारा. म्हनला बाई, तुमच्या घरच्यांचा मालक कोन? मी घाबरलेली, म्हनले साहेब, मालक वारले ना. तो म्हनला तसं नाय, मालक कोन होता ते सांगा. मी म्हनले, तेच तर वारले, तेच आमचे मालक. लोक हसले. जजसाहेब हसले नाय, त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हनले मावशी, ते विचारतायत पगार कोन द्यायचं. मी म्हनले, भाऊ द्यायचा हाताला. भाऊला कंपनी द्यायची. वकील म्हनला, बस, एवढंच पाहिजे होतं. मला वाटलं मी काय तरी बुडवून आले.

मग भाऊच्या पोराकडून, माझ्या भाच्याकडून, संतोषला कळलं, की कंपनीचा मानूस भाऊच्या घरी येऊन गेला. म्हनला रामदास, तुझा खोकला वाढलाय, आपन चांगल्या दवाखान्यात दाखवू, सगळं कंपनी बघंल. झाडलोटीचा ठेका तुझ्या पोराच्या नावानं करून देऊ. तू कोर्टात फक्त एवढंच सांगायचं, की मी मानसांना मास्क दिले होते, त्यांनीच लावले नाय. वहिनी म्हनली, बोलून टाका. मी वहिनीला दोष देत नाय. तिला नवरा जगवायचा होता, पोरगं कामाला लावायचं होतं, तिच्या जागी मी असते तर मी पन म्हनले असते, बोलून टाका. मेलेल्या मानसाला काय फरक पडतो.

भाऊच्या साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. तो आला, माझ्याकडं बघितलं नाय. एवढा उंच मानूस, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. दोन पायऱ्या चढला तर कठडा धरून उभा राहिला. कंपनीच्या वकिलानं विचारलं, तुम्ही ठेकेदार ना? हो. करारावर सही तुमची ना? हो. कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी तुमची असं लिहिलेलं हाय ना? म्हनला, तुम्ही म्हनता तर असंल, मला वाचता येत नाय इंग्लिश. बरं, मग तुम्ही कामगारांना मास्क दिले होते ना?

 भाऊ खोकला. पानी मागितलं. प्यायला. आन् म्हनला, नाय साहेब.

वकील म्हनला नीट आठवून सांगा. भाऊ म्हनला आठवूनच सांगतो. मास्क कोनीच दिले नाय. माझ्याकडं पन नव्हता, मी कुठून देनार. साहेब स्वतः लावून यायचे, खडूनं खूना करायचे, कुठून कुठपर्यंत काढायचं ते तेच सांगायचे. पाईप कंपनीचे, त्याच्यावरचं वेष्टन कंपनीचं, नवं पन कंपनीच्याच गोडाऊनमधून यायचं. त्याच्यात काय हाय ते कंपनीला माहीत होतं, म्हनून त्यांनी त्यांची मानसं हलवली. मला कोनी सांगितलं नाय. सांगितलं असतं तर मी माझ्या बहिणीचा नवरा तिथं उभा केला असता का? साहेब, मी स्वतः तरी उभा राहिलो असतो का? आन् मग इतका खोकला आला त्याला, की जजसाहेबांनी स्वतः त्याला खाली बसायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून खाली बसला होता. मी गेले, पानी दिलं. म्हनले भाऊ. तो म्हनला, माय, दम पुरत नही.  तेच शब्द. मी पदरानं त्याचा चेहरा पुसला आन् आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, येनारे जानारे बघत होते. वहिनी लांब उभी होती, खांबाला धरून. तिला तव्हाच कळलं होतं, पोराचा ठेका गेला. आन् गेलाच.

भाऊला पन तेच निघालं. तीच डॉक्टरीण, तेच पानी, तेच उशीवर उशी. मी रोज जायची. वहिनी दार उघडायची, बाजूला व्हायची, पन माझ्याशी बोलायची नाय. मी तेल लावायची त्याच्या पाठीला, ती भात भरवायची, दोघी एकाच मानसाच्या दोन बाजूंना, आन् अक्षर नाय बोलायचो. मी वकीलताईंना विचारलं, ताई, भाऊचा पन अर्ज करू ना, त्यानं पन तीच धूळ खाल्ली. ताईंनी मान खाली घातली. म्हनल्या मावशी, कागदावर ते कामगार नाय, मालक हाय. ह्या कायद्यात त्यांना काही मिळनार नाय. मी म्हनले, अहो कसला मालक, तो तर ह्यांच्या बरोबरीनं छन्नी मारायचा. त्या म्हनल्या, मला कळतं हो, पन कागद.

निकालाच्या आधीच भाऊ गेला. शेवटी शेवटी त्याला कळायचं नाय कोन आलं, मला बघून आई म्हनायचा. मी ओ द्यायची.

निकाल आमच्या बाजूनं लागला. जजसाहेबांनी लिहिलं, जागा कंपनीची, काम कंपनीचं, धोका माहीत होता तो कंपनीलाच, तेव्हा भरपाई कंपनीनंच द्यायची. संतोष माझ्या पाया पडला. वकीलताईंच्या डोळ्यांत पानी. मी ते सांगायला वहिनीकडं गेले, मला वाटलं तिला बरं वाटंल, तिच्या नवऱ्याच्या साक्षीनं झालं हे. तिनं ऐकून घेतलं, आन् दीड-दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हनली, त्या निकालात ह्यांचं नाव काय म्हनून हाय? मी म्हनले, सामनेवाले नंबर दोन. ती म्हनली, म्हंजे तुमच्या विरुद्धच ना.  मी आले उठून.

आता पुढचं ऐका. कायद्यात अशी पन सोय हाय, की कंपनीनं आधी भरायचं, आन् मग ठेकेदाराकडून वसूल करायला जायचं. कंपनीनं आमची भरपाई कोर्टात भरली, आन् वर महिना झाला नाय तर वसुलीसाठी दुसरी केस लावली. कोनावर? भाऊवर. तो मेला तर त्याच्या वारसांवर. म्हंजे वहिनीवर आन् पोरावर.

एक दिवस दुपारी दार वाजलं. बघते तर वहिनी. हातात तो कागद, पदर अर्धा खाली. एवढ्या दिवसांनी माझा उंबरा चढली. म्हनली, मला वाचता येत नाय, पोरगं कामाला गेलंय, दुसरं कोन हाय मला. मी तिला आत घेतलं. चहा टाकला. ती कपाकडं बघत बसली, आन् मग अशी रडली, अशी रडली, भाऊ गेला तव्हा पन ती एवढी रडली नव्हती. मी पन रडले. मग तोंडं धुतली दोघींनी आन् तसंच रिक्षा करून वकीलताईंकडं गेलो.

आता तेच चाललंय. ताईच लढतात वहिनीच्या बाजूनं. म्हनतात, कंपनीला स्वतःची चूक ठेकेदारावर ढकलता येनार नाय, बघू काय होतं ते. काय व्हायचं ते होईल. आमच्या मालकांचा पैसा बँकेत पडून हाय, मी हात नाय लावला, वहिनीवर काही आलं तर तोच द्यायचा, संतोषला सांगून ठेवलंय. वहिनीला हे सांगितलं नाय अजून, ती नको म्हनंल. भाचा आता दुसरीकडं ठेकेदाराकडंच लागलाय, सकाळी डबा घेऊन निघतो. काय करनार, पोट हाय. तुमची पोरंबाळं सुखात राहोत, कोनाच्या घरी अशी धूळ न येवो.

तारखेला मी आन् वहिनी बरोबर जातो. घरून चटणी-भाकरी बांधून नेतो, कोर्टाच्या बाहेर बाकावर बसून खातो. मग पट्टेवाला दारात येऊन मोठ्यानं हाक मारतो, मयत रामदास सुकदेव तर्फे वारस, हजर हाय का? वहिनी उठते, आन् तिच्याबरोबर मी पन उठते. परवा तो पट्टेवाला म्हनला, बाई, तुमचं नाव ह्याच्यात नाय, तुम्ही कशाला उठता, बसा. मी म्हनले, असू द्या. भाऊचं नाव घेतलं तुम्ही.